निघायला अठरा दिवस आहेत: परदेशातल्या ग्रॅव्हल सायकल सहलीची वैद्यकीय तयारी

कोलशेत, ढोकाळी, मानपाडा या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत सायकल चालवणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली आहे. पहाटे घोडबंदर रोड, सुट्टीच्या दिवशी येऊरचा चढ, फारच हौस असेल तर नाशिक महामार्गाने कसाऱ्यापर्यंत. त्यांतल्या बऱ्याच जणांना आता ग्रॅव्हल सायकलिंगचे वेध लागले आहेत. ग्रॅव्हल म्हणजे डांबर संपल्यावर सुरू होणारे सायकलिंग: खडी, मुरूम, वाळू, नदीपात्रातले गोटे. (घोडबंदर रोडवर हा सराव आपोआपच होतो असे रुग्ण सांगतात, त्यावर मी काही बोलत नाही.) अशा सहली बहुधा अचानक ठरतात. गटातल्या कुणाचे तरी जाणे रद्द होते, विमानाचे तिकीट स्वस्त मिळते, आणि दोघे मित्र डॉक्टरकडे येतात ते सहल ठरल्यानंतर. "अठरा दिवसांनी निघतोय, काही गोळ्या लिहून द्या."

गोळ्या लिहिणे हा शेवटचा भाग. अठरा दिवसांत काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे आधी समजून घेतले तर पुढचे बरेच सोपे जाते.

उदाहरणासाठी दोन सायकलस्वार धरू. थोरला ५६ वर्षांचा, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही, गोळ्यांवर व्यवस्थित आटोक्यात. धाकटा ४३ वर्षांचा, कुठलाही आजार नाही, थोरल्यापेक्षा चढाला जोरदार. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत: नेपाळमधला मुस्तांग, म्हणजे जोमसोम, कागबेनी, मुक्तिनाथ हा पट्टा, किंवा केनियातला मसाई मारा परिसर. मराठी माणूस मुक्तिनाथला यात्रेसाठी जातोच, त्यामुळे मुस्तांगबद्दलचे पुढचे बरेचसे सायकल न चालवणाऱ्यांनाही लागू आहे.

अठरा दिवसांत फिटनेस येत नाही

हे पहिले सांगायचे. हृदय, फुफ्फुसे आणि स्नायू यांची क्षमता ठळकपणे वाढायला महिने लागतात. शेवटच्या दोन आठवड्यांत रोज ऐंशी किलोमीटर हाणून फक्त थकवा, गुडघेदुखी आणि एखादी खोकल्याची साथ पदरात पडते. आज जेवढे सहज चालवता, त्यावरच रोजचे अंतर ठरवा. आणि खडीवरचा एक किलोमीटर डांबरावरच्या एक किलोमीटरएवढा नसतो. वेळ दीडपट ते दुप्पट धरावा.

या दिवसांत मोठ्या फेऱ्या दोन किंवा तीनच करा, पण त्या सरावासाठी नव्हे, चाचणीसाठी. सहलीत जे सामान सायकलला लावणार तेच लावून, जे खाणार तेच खाऊन, आणि ज्या गोळ्या ज्या वेळी घेणार त्या तशाच घेऊन चार-पाच तास चालवा. मधुमेह असेल तर निघताना, मध्ये, थांबल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहून लिहून ठेवा. तो कागद घेऊन डॉक्टरकडे गेलात तर तुमच्या गोळ्यांचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही. शेवटचे पाच-सहा दिवस हलकेच चालवा.

तपासण्यांबाबत एक मत स्पष्ट मांडतो. 'संपूर्ण शरीर तपासणी'चे पॅकेज घेऊन चाळीस आकड्यांचा अहवाल आणण्याची गरज नाही. थोरल्यासारख्या माणसाला रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम एवढे बहुधा पुरते. चढावर छातीत दाब किंवा जळजळ येणे, नेहमीच्या चढालाच अलीकडे जास्त दम लागणे, चालवताना भोवळ किंवा धडधड, अथवा घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू, यांतले काहीही असेल तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून स्ट्रेस टेस्ट किंवा टूडी इको झाल्याशिवाय निघू नका. आजार नसलेल्या धाकट्यालाही हाच नियम. छातीतली जळजळ पित्ताची आहे की हृदयाची, हे मुस्तांगमधल्या लॉजवर ठरवता येत नाही.

गोळ्यांचा डबा उघडून पाहू

रुग्णांचा समज असा की रोजच्या गोळ्या सोबत घेतल्या की झाले. चार-पाच तासांचे रोजचे श्रम, कमीजास्त जेवण आणि पाण्याची कमतरता या परिस्थितीत त्याच गोळ्या वेगळ्या वागतात.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर खाली येण्याचा धोका सगळ्यांत जास्त, आणि तो चालवतानाच नव्हे तर त्या रात्रीही असतो. सहलीच्या दिवसांत हा डोस बऱ्याचदा कमी करावा लागतो. किती, ते तुमचे डॉक्टर तुमच्या चाचणीफेरीच्या आकड्यांवरून ठरवतील. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा घसरत नाही.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या आता खूप जण घेतात. त्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात, सोबत पाणीही जाते. उलट्या-जुलाब झाले, उपास घडला किंवा अंगातले पाणी फार कमी झाले, तर या गोळ्यांमुळे रक्तात आम्ल साठण्याचा, म्हणजे कीटोअॅसिडोसिसचा धोका असतो, आणि त्यात ग्लुकोमीटरवरची साखर जवळपास ठीकच दिसू शकते. म्हणून नियम असा: जेवण जात नाही, उलट्या किंवा जुलाब सुरू आहेत, त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही. मळमळ, पोटदुखी आणि दम एकत्र आले तर साखर चांगली असली तरी रुग्णालय गाठायचे. सहलीपुरती ती आधीच थांबवावी का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

रक्तदाबाची गोळी उंचीवर आपल्या मनाने बंद करू नका. उंचीवर पहिल्या काही दिवसांत रक्तदाब उलट थोडा वाढतो. पण तुमच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का, ते पाहा. टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत असते, आणि वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. अशी गोळी, कमी पाणी आणि वर अंगदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सायकलवाले वेदनाशामक गोळ्या चण्याफुटाण्यासारख्या खातात, म्हणून हे ठळकपणे सांगतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर त्या दिवशी सायकल चालवू नका.

सगळी औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या सामानात ठेवा. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मुस्तांगच्या रात्री तेही अंगालगतच्या खिशात हवे. औषधांची मूळ नावे असलेली इंग्रजीतली चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्या. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे काही देशांत, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरातीत, नियंत्रित आहेत. केनियाचे विमान दुबईमार्गे असेल तर ती घरीच ठेवा.

मुस्तांग: खाडीकाठावरून ३,७०० मीटरवर

कोलशेत खाडीच्या काठावर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणजे उंचीची सवय करून घेण्याची सोय आपल्या राज्यातच नाही. येऊरला शंभर वेळा चढलात तरी नाही. पोखरा सुमारे ८०० मीटरवर, तिथून विमानाने वीसेक मिनिटांत जोमसोम, सुमारे २,७०० मीटर. पुढे कागबेनी सुमारे २,८०० आणि मुक्तिनाथ सुमारे ३,७००. मुक्तिनाथला हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच मिळतो.

उंचीचा त्रास कुणाला होईल हे फिटनेसवरून सांगता येत नाही. आपल्या जोडीत धाकट्याला तो होण्याची शक्यता थोरल्याइतकीच, कदाचित जास्त, कारण तो भराभर चढतो. डोकेदुखी, त्यासोबत मळमळ, भूक नसणे, गळून जाणे, चक्कर, ही सुरुवातीची लक्षणे. उंचीवर नवी डोकेदुखी सुरू झाली की दुसरे कारण सापडेपर्यंत ती उंचीचीच समजावी. त्या दिवशी वर जायचे नाही. बरे वाटले तर दुसऱ्या दिवशी पुढे. वाढले तर खाली.

दोन चित्रे मात्र घोकून ठेवा, कारण यांत जीव जातो. पहिले, मेंदूला सूज: माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, सुस्तावतो. जमिनीवर सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावले चालायला सांगा. जमले नाही तर धोका आहे. दुसरे, फुफ्फुसात पाणी: बसल्या जागीही दम, वाढता खोकला, निळसर ओठ, कधी गुलाबी फेस. दोन्हींत उपचार एकच, लगेच खाली उतरणे, रात्र असली तरी, जीपने किंवा मिळेल त्या वाहनाने. प्राणवायू आणि औषधे उतरताना द्यायची, उतरण्याऐवजी नव्हे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबत असू द्या, पण त्याच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. थंड बोटावर तो चुकतो, आणि त्या उंचीवर ८८-९० हा आकडा ठणठणीत माणसातही दिसतो. आकडा चांगला पण माणूस बिघडलेला, तर माणसाकडे पाहा.

टाळण्याचा उपाय वेळापत्रकात आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस. जोमसोमला उतरल्यावर दोन रात्री तिथेच किंवा जवळच्या मार्फात काढा. नंतर कागबेनी. मुक्तिनाथला दिवसा चढा, दर्शन घ्या आणि झोपायला परत कागबेनीला उतरा. कालिगंडकीच्या खोऱ्यात सकाळ उलटली की दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो आणि त्यासोबत धूळ. म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी मुक्काम गाठायचा. दमा असलेल्यांनी इनहेलर सायकलच्या पिशवीत नव्हे, खिशात ठेवावा.

अॅसिटाझोलामाइड ही गोळी शरीराला उंचीशी लवकर जुळवून घ्यायला मदत करते. जोमसोमला थेट विमानाने जाणाऱ्यांना मी तिचा विचार करायला सांगतो. मोठ्या माणसांसाठी नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. हातापायाला मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बिघडते. हे अपेक्षितच आहे. सल्फाची तीव्र अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती चालत नाही, आणि थोरल्याच्या गोळीत आधीच लघवीचे औषध असल्याने त्याच्यासाठी डॉक्टरांनी दोन्हींचा मेळ घालायला हवा. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन पाहा. पहिल्या रात्री उंचीवर दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत.

केनिया: इथे कॅलेंडर निर्णय घेते

केनियात उंचीची काळजी फारशी नाही, तारखेची आहे. पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची, लस घेतल्याचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते, पुढे ते आयुष्यभर चालते. केनियाहून परतताना हे प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते, आणि यात विनवण्या चालत नाहीत. अठरातून दहा वजा केले की उरतात आठ दिवस. मुंबईत ही लस विमानतळ आणि बंदर आरोग्य विभागांच्या केंद्रांसह मोजक्या अधिकृत केंद्रांवरच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते. त्यामुळे केनियाचा विचार असेल तर तिकिटाच्या आधी लसीची वेळ मिळते का ते पाहा. लस जिवंत विषाणूची आहे: अंड्याची तीव्र अॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे किंवा साठीच्या पुढचे वय असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही लागतील. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि उन्हात त्वचा भाजते; दिवसभर उन्हात असणाऱ्या सायकलवाल्याला हे महत्त्वाचे. अॅटोव्हॅक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर एकच आठवडा.

दोन्ही ठिकाणांसाठी धनुर्वाताची लस दहा वर्षांत झाली नसेल तर घ्या. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड यांनाही अजून वेळ आहे. आणि रेबीज: सायकलमागे धावणारी कुत्री जगात सगळीकडे आहेत. चावण्यापूर्वीचे दोन डोस पहिल्या आणि आठव्या दिवशी घेता येतात, म्हणजे अठरा दिवसांत बसतात. ते झालेले असतील तर चावल्यावर फक्त दोन डोस पुरतात आणि दुर्गम भागात सहज न मिळणारे इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. चावा किंवा ओरखडा साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचा, हे मात्र लस झालेली असली तरी.

खडी शरीराला काय करते

खडीवर तासन्तास बसणारे हादरे हाताच्या तळव्यातल्या शिरेवर दाब आणतात. करंगळी आणि अनामिका बधिर झाली, तर हाताची जागा बदला, टायरमधली हवा थोडी कमी करा, जाड हातमोजे वापरा. बधिरपणा रात्रभर राहिला किंवा चिमटीत जोर राहिला नाही, तर एक दिवस थांबा. मांडीमधला, जननेंद्रियांजवळचा बधिरपणा लोक संकोचाने सांगत नाहीत. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहिले की तो बहुधा टळतो. नवे सीट किंवा नवी पॅडेड पँट सहलीसाठी आणून तिथेच पहिल्यांदा वापरू नका. पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत राहिले तर एक्स-रे हवाच, तिथले बारीक हाड मोडलेले सहज नजरेतून सुटते. डोके आपटून क्षणभर जरी शुद्ध गेली, उलटी झाली किंवा आठवण पुसली गेली, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचे नाही.

कोलशेतच्या दमट हवेत घाम टपकताना दिसतो. मुस्तांगच्या कोरड्या वाऱ्यात तो दिसायच्या आत उडून जातो, त्यामुळे आपण कमी पितो. तहानेप्रमाणे प्या, पण दर तासाला लिटरभर साधे पाणी ढोसूही नका. त्याने रक्तातले सोडियम उतरते. लांब दिवसांत ओआरएस पूर्ण पाकीट, सांगितलेल्या मापाच्या पाण्यात. जुलाबांत रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइड घेऊ नका.

सोबती हाच तुमचा पहिला डॉक्टर

नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. पण तिथे मागे गाड्या आणि मदतनीसांचा ताफा असतो. तुमच्या सहलीत ताफा म्हणजे तुमचा मित्र.

म्हणून निघण्यापूर्वी एक संध्याकाळ दोघांनी समोरासमोर बसावे आणि आपापला औषधांचा डबा एकमेकांना दाखवावा. कुठला आजार, कुठली गोळी, कशाची अॅलर्जी, विमा क्रमांक. लाजेच्या गोष्टीही. एकाच्या किटमध्ये छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते आणि दुसरा सिल्डेनाफिल घेत असतो; हे दोन एकत्र झाले तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. मित्राला हे माहीत नसेल तर तो चांगल्या हेतूनेच ती गोळी देईल.

धाकट्याने साखर उतरल्याची चिन्हे शिकून घ्यावीत: थरथर, घाम, चिडचिड, विचित्र उत्तरे. लगेच थांबून तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, मग काहीतरी खायला. चिक्की आणि खजूर नंतरसाठी ठीक. पहिल्या क्षणी शेंगदाण्यातल्या तेलामुळे चिक्कीची साखर हळू चढते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचे नाही. औषधे आणि ग्लुकोज दोघांच्या सामानात निम्मे निम्मे ठेवा, एक पिशवी हरवली तरी चालेल.

आणि घरीच ठरवा: दोघांपैकी कुणीही "आज नको" म्हटले की चर्चा नाही. उंचीच्या त्रासात पहिला घात विचारशक्तीवर होतो, त्यामुळे "मला काही झालेलं नाही" हे रुग्णाचे वाक्य पुरावा म्हणून धरायचे नाही. खाली उतरताना त्याला एकट्याला पाठवायचे नाही, तुमचा दर्शनाचा दिवस हुकला तरी.

घरच्यांसाठी

विमा घेताना मधुमेह आणि रक्तदाब लपवू नका; दावा नाकारला जाण्याचे ते सोपे कारण ठरते. पॉलिसीत उंचीची मर्यादा किती, हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च येतो का, कच्च्या रस्त्यावरचे सायकलिंग साहसी खेळ म्हणून वगळले आहे का, हे लेखी विचारून घ्या. प्रवासाचा रोजचा मुक्काम, दोघांच्या औषधांची यादी आणि विम्याचा क्रमांक घरातल्या एका ठिकाणी कागदावर हवा. दोन्ही कुटुंबांनी एकमेकांचे फोन नंबर घेऊन ठेवावेत. हे बहुधा राहून जाते. रोज एकच निरोप, ठरलेल्या वेळी. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे, केनियाचे अडीच तास मागे. एक निरोप चुकला तर मोबाइलला रेंज नसेल असे समजा, पण पूर्ण दिवस गेला तर मुक्कामाच्या लॉजला फोन करा.

या जोडीला माझा सल्ला विचाराल तर असा: परतीच्या तारखेत दोन दिवस जास्तीचे मिळत असतील तर मुस्तांग, कारण जोमसोमची विमाने वाऱ्यामुळे रद्द होतात आणि घाईत असलेला माणूस उंचीचे नियम मोडतो. ते दोन दिवस मिळत नसतील, आणि लसीची वेळ या आठवड्यात मिळत असेल, तर केनिया. दोन्ही जमत नसेल तर तिकीट पुढे ढकलावे.

केनियाहून परतल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ताप आला, तर प्रतिबंधक गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी, डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच "मी केनियाला जाऊन आलो" असे सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. तीन महिन्यांनंतरही, वर्षभरात कधी थंडी वाजून ताप आला, तर प्रवासाचा उल्लेख करायचाच.